दाराशी जमीन दबते, ट्रेलर घ्यावा का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. उन्हाळ्यात मुलांना घेऊन कॅम्पिंगला जायचं म्हणून 2008 सालचा 24 फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) पाहिलाय. आतून स्वच्छ आहे, पण दाराशी पाय ठेवला की जमीन दबते. मालक म्हणतात, प्लायवूडचा एक तुकडा बदलला की काम झालं. घ्यावा का?

उत्तर : तुकडा बदलणं खरंच अवघड नाही. पण पाणी कुठून मुरतंय ते कळल्याशिवाय बयाणा देऊ नका, नाहीतर नवा तुकडाही कुजेल.

पाऊस पडून गेल्यावर पुन्हा बघायला जा. बाहेरच्या भिंतीला जवळपास गाल लावून, तिरक्या उजेडात लांबवर नजर टाका. फायबरग्लासला फुगवटे दिसले तर आतला थर सुटलाय. ती दुरुस्ती कमी बजेटची नाही, तिथूनच परत फिरा. भिंत सपाट असेल तर कपाटांचे वरचे कोपरे अंगठ्याने दाबा. ओलावा मोजायचं टोचणीचं मीटर स्वस्तात मिळतं. लाकडात 20 टक्क्यांच्या वर आकडा आला तर ओल अजून चालू आहे.

दाराजवळच्या गळतीत पहिला संशय दाराच्या चौकटीवर आणि वरच्या ऑनिंगच्या (बाहेर उघडणाऱ्या कापडी छताच्या) स्क्रूंवर घ्या. तिथली पट्टी सोडवा, वाळलेलं जुनं ब्यूटिल (फटी बुजवणारं चिकट रबर) खरवडा, नवी ब्यूटिल टेप लावून पट्टी परत घट्ट बसवा. मग छपरावर चढा, पण आधी ते वजन पेलेल का ते विचारा. रबरी छपरावर कुणी सिलिकॉन फासलं असेल तर ते पूर्ण काढावं लागतं, कारण त्यावर दुसरं काही चिकटत नाही. व्हेंटभोवती (छपरावरच्या हवेच्या झरोक्याभोवती) छपरासाठीचं सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंट, म्हणजे आपोआप सपाट होणारं फटी बुजवायचं मिश्रण वापरा. ते पसरतं, म्हणून उभ्या भागावर न ओघळणारं घ्या. पेट्रोलियमयुक्त क्लीनर रबराला लावू नका, रबर फुगतं.

गळती थांबली की जमीन उघडा. सर्क्युलर सॉची (गोल पात्याच्या विजेच्या करवतीची) खोली प्लायवूडच्या जाडीइतकीच ठेवा. खाली वायरी आणि पाण्याच्या नळ्या असतात. घट्ट लाकूड लागेपर्यंत कापत जा आणि कडा आडव्या दांड्याच्या मध्यावर आणा, म्हणजे नव्या तुकड्याला टेकू मिळेल. दांडा कुजलेला असेल तर त्याला शेजारी नवा जोडा. पंखा लावून काही दिवस पूर्ण वाळू द्या, मग त्याच जाडीचं एक्स्टिरिअर ग्रेड प्लायवूड अॅडेसिव्ह आणि स्क्रूने बसवा. काही ट्रेलरांची जमीन मात्र फोमच्या दोन बाजूंना पातळ प्लाय चिकटवलेली असते. तिथे ही पद्धत चालत नाही, त्यामुळे खालून आधी बघून घ्या.

टायरची नक्षी कितीही चांगली दिसो, बाजूवर कोरलेल्या, DOT (डॉट) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा : 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर बदलायचेच, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

फ्रीज गॅसवर चालणारा असेल तर थंड व्हायला कित्येक तास लागतात. मालकांना तो आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगा. अमोनियाचा वास आला किंवा मागे पिवळट पावडर दिसली, तर त्याचं कूलिंग युनिट गेलं आहे.