वर्षभर सायकल चालवूनही शिकाऊच वाटतं, तेव्हा

“वर्ष झालं सायकल घेऊन. रोज सकाळी कॉलनीत फिरवते. पण रस्त्यावर मागून गाडीचा आवाज आला की उतरते आणि कडेला उभी राहते. रविवारी मैत्रिणी दिवाडी बेटावर जातात, तेव्हा मी काहीतरी कारण काढते. मला अजून शिकाऊच वाटतं.” गोव्यात ताळगावला राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंची ही तक्रार. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, अडचण मात्र जशीच्या तशी आहे. मोठेपणी सायकल शिकलेल्या अनेकांना ती आपलीच वाटेल.

घरचे त्यांना धीर देत होते. “जमेल गं तुला, घाबरतेस कशाला?” असं नवरा रोज म्हणायचा आणि त्या आणखीच खजील व्हायच्या. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास सगळ्यांत पक्का बसतो तो ते काम स्वतःच्या हातून पार पडल्यावर. दुसऱ्याच्या शब्दांचा आधार त्यामानानं कच्चा असतो. आधी भीती जाईल आणि मग सायकल नीट चालेल, ही वाट बघणं म्हणूनच फसतं.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत ‘शिकाऊ’ हा शब्द बाजूला ठेवून मी त्यांना एक यादी करायला सांगितली. सायकलवरची एकेक कृती लिहायची आणि तिच्यापुढे भीतीला ० ते १० मधला आकडा द्यायचा. सरळ जाणं १, वळणं २, निघणं ३, उतार ५, थांबणं ६, एक हात सोडणं ९, मागे वळून बघणं ९, मागून हॉर्न येणं १०. यादी समोर आली तेव्हा त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. अर्धीअधिक सायकल त्यांना येतच होती. अडत होतं ते तीन-चार ठिकाणी, आणि ती ठिकाणं एकमेकांत गुंतलेली होती. मागे बघता येत नाही म्हणून मागून काय येतंय ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून हॉर्न ऐकला की धडकी भरते.

थांबण्याला ६ का, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. उत्तर सीटमध्ये सापडलं. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून त्यांनी सीट अगदी खाली ठेवली होती, आणि पटकन उतरता यावं म्हणून तिचं टोक पुढे झुकवलं होतं. तोल शिकताना खाली सीट योग्यच असते. पुढे मात्र तीच आडवी येते. गुडघे पुरते सरळ होत नाहीत, ते बाहेर फाकतात, प्रत्येक पॅडलला सायकल डावी-उजवी हलते आणि मांड्या लवकर भरून येतात. सीटचं टोक झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि भार तळहातांवर येतो. मग हँडलवरून हात सुटणार कसा? भीतीपासून वाचायला आपण जे करतो तेच भीतीला धरून ठेवतं, हे समुपदेशनात वारंवार दिसतं. इथे ते सीटच्या उंचीत दिसत होतं.

सीटची उंची तपासायला भिंतीचा आधार घेऊन बसावं आणि पॅडल सगळ्यांत खाली आणून त्यावर टाच ठेवावी. गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. चालवताना पंजा पॅडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. पण ही उंची एकदम करू नये. सीटच्या दांड्यावर पेनाने खूण करून दर दोन-तीन दिवसांनी एक सेंटीमीटर वर घ्यावी, सीट आडवी सपाट ठेवावी, आणि दांड्यावर कोरलेली कमाल उंचीची रेघ बाहेर दिसू देऊ नये.

सीट वर गेली की पाय टेकणार कसे, ही धास्ती साहजिक आहे. म्हणून थांबण्याची रीत वेगळी शिकावी लागते, आणि ती कोणी शिकवतच नाही. दोन्ही ब्रेक हलके दाबायला सुरुवात करायची. एक पॅडल पूर्ण खाली आणून त्या पायावर उभं राहायचं, बूड सीटवरून उचलून पुढे आणायचं आणि सायकल थांबता थांबता दुसरा पाय जमिनीवर टेकवायचा. सीटवर बसल्या बसल्या पाय शोधायचा नाही. बाईंनी हे आधी सायकल हातात धरून, मग चालण्याच्या वेगात केलं. हे जमल्यावर सीट वर घ्यायला त्यांना कोणाला आग्रह करावा लागला नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तरी एकेक दाबून खात्री करून घ्यावी. उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मागचं चाक उचलतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

मग एक हात सोडण्याची पाळी. कॉलनीतल्या रिकाम्या पार्किंगमध्ये आधी नुसती बोटं उचलायची, मग तळहात हँडलपासून दोन बोटं वर, मग हात मांडीवर. मागे बघताना होणारी चूक ठरलेली आहे: मान वळते, तिच्याबरोबर खांदा वळतो, उजवा हात हँडल ओढतो आणि सायकल नेमकी गाड्यांच्या बाजूला सरकते. उपाय असा की उजवं कोपर सैल सोडायचं, हनुवटी उजव्या खांद्याकडे न्यायची, क्षणभर बघायचं आणि नजर परत पुढे. मुलगी मागे उभी राहून बोटं दाखवायची आणि आईनं रेघेवरून सरळ जाता जाता किती बोटं ते सांगायचं. सराव वीस मिनिटांचा, आठवड्यातून चार वेळा. रविवारी एकदाच दोन तास केला तर अंग थकतं आणि शेवटच्या चुकाच लक्षात राहतात.

“लोक बघतात” हीही भीती होतीच. पोदेर, म्हणजे आपला पाववाला, पावांची एवढी मोठी टोपली घेऊन एका हातानं हॉर्न वाजवत जातो आणि मी अशी, असं त्या म्हणाल्या. पण त्याचा उभा जन्म सायकलवर गेलेला. बघून शिकायचं तर आपल्यापेक्षा जेमतेम दोन पावलं पुढे असलेल्या मैत्रिणीकडे बघावं.

रस्त्यासाठी जुने गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी निवडलं, सकाळी लवकर. फेरीच्या लोखंडी फळीवर सायकल हातात धरून चालायचं, ती ओली असली की चाक हमखास घसरतं. पलीकडे शेतांमधून जाणारा रस्ता सपाट आहे, पण अरुंद आहे. तिथे नजर चाकावर नको, समोर दहा-पंधरा मीटरवर हवी. कडेला चिकटूनही जायचं नाही. डांबराची कड सोडून चाक खाली मातीत उतरलं आणि तसंच तिरकं वर घ्यायला गेलं, की पडायला होतं. पावसाळ्यात कडेला शेवाळही धरतं. अर्धा-पाऊण मीटर आत राहावं. हॉर्न आला की श्वास सोडायचा, कोपरं सैल करायची, एकदा मागे बघायचं आणि सरळ जात राहायचं. तिथे उतरून उभं राहिलं तर ‘उतरले म्हणून वाचले’ एवढंच मन शिकतं. म्हणून भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत त्याच रस्त्यावर राहायचं ठरलं.

मांडवीच्या पुलावरून किंवा महामार्गावरून जायची त्यांना आजही भीती वाटते. ती घालवायचा प्रयत्न आम्ही केला नाही, कारण भरधाव ट्रकांमध्ये सायकल न नेणं हा शहाणपणा आहे. मात्र पूर्वी अपघात झाला असेल, त्याची दृश्यं झोपेत येत असतील, तर असा सराव एकट्यानं सुरू करू नये, आधी तज्ज्ञाला भेटावं. मान वळवली की गरगरत असेल तर पहिल्यांदा कान-नाक-घसा डॉक्टर गाठावा. बाई आता रविवारी मैत्रिणींबरोबर दिवाडीला जातात आणि सध्या पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर गिअरचा सराव करतात: हलका गिअर चढ लागायच्या आधी टाकायचा, पाय जड झाल्यावर टाकला तर साखळी कुरकुरते आणि कधी निसटतेही.