नवीन मॉनिटरवर मधोमध काळा ठिपका दिसतोय, ठाण्यातला दुकानदार म्हणतो 'एवढं चालतंच', काय करू?

आधी मऊ कोरड्या कपड्याने पुसून बघा, धूळ पण असते कधीकधी. मग फुल स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग लावून बघा, सगळ्यावर काळाच राहिला तर डेड पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणाऱ्या बारीक ठिपक्यांपैकी (पिक्सेल) एक बंद पडलाय, तो घरी जिवंत होत नाही. काळ्या स्क्रीनवर लाल किंवा हिरवा टिपका चमकत असेल तर स्टक, म्हणजे एकाच रंगावर अडकलेला पिक्सेल, त्यावर रंग भराभर बदलणारा व्हिडिओ थोडा वेळ चालवून बघा, सुटला तर सुटला. बोटाने दाबायचं मात्र नाही, यूट्यूबवाले काहीही सांगतात!

दुकानदार अगदीच थापा मारत नाहीये, फुल एचडीत वीस लाखांवर पिक्सेल असतात आणि बऱ्याच कंपन्या ठराविक संख्येपर्यंतचे खराब पिक्सेल वॉरंटीत धरतच नाहीत. म्हणून वॉरंटी कार्डवरचा पिक्सेलचा नियम वाचा, आणि ऑनलाइन घेतला असेल तर वॉरंटीच्या भानगडीत न पडता रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करा, खोका थर्माकोलसकट ठेवा. दुकानातून घेतला असेल तर फोटो आणि बिल घेऊन कंपनीकडे लेखी तक्रार टाका, तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. तरी दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.