आजी खोटं बोलली का?

प्रिय ईरा,

परवा गाडीत तू विचारलंस, बाईंनी शिकवलेला ‘डिसइंजेन्युअस’ हा शब्द आजीला लागू होतो का? पुण्यात शेजारच्या काकूंकडे ती "नको गं, आत्ताच घेऊन आले" म्हणाली आणि लगेच बशीत ओतून चहा प्यायली. तुला ते खटकलं. विचारलंस ते फार बरं केलंस.

तो शब्द साध्या थापेचा नाही. न केलेला गृहपाठ ‘केला’ म्हणणं ही नुसती थाप. सगळं ठाऊक असताना भोळेपणाचा आव आणायचा आणि आपलं काम साधून घ्यायचं, तिथे हा शब्द येतो. रांग दिसत असून मधे घुसायचं आणि कुणी हटकलं की "अय्या, रांग होती का?" असं म्हणायचं, ते डिसइंजेन्युअस. सबब, माफी, युक्तिवाद यांना तो हमखास लावतात. बाईंना रांगेचंच वाक्य लिहून दे.

आपण याला वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतो. पेडगाव खरंच आहे, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. १६७४ मध्ये तिथे मुघल सुभेदार बहादूरखानाची छावणी होती. मराठ्यांच्या एका लहान तुकडीने हूल देऊन त्याची फौज लांबवर पळवली आणि मागे दुसऱ्या तुकडीने छावणी लुटली. म्हण त्यावरूनच पडली, असं बरेच जण सांगतात. लढाईत अशा हुलीला मी शौर्यच म्हणेन. मैत्रिणीशी तसं वागणं मला मुळीच चालणार नाही.

आता आजी. ती ‘नको’ म्हणाली तेव्हा काकूंनी आधण ठेवलेलंच होतं. "घ्या हो घोटभर" असा आग्रह होणार हे आजीला माहीत होतं, आणि ती घेणार हे काकूंना. मग फसलं कोण? आल्या आल्या ‘हो, द्या’ म्हटलं तर हावरट दिसतं, आणि एकदाच विचारून गप्प बसलं तर यजमानीण कद्रू ठरते. दोघी एकमेकींचा मान ठेवत होत्या. इथे डब्लिनमध्येही जुन्या आयरिश बायका पहिल्या चहाला नाहीच म्हणतात, पुढच्या वेळी बघ.

तू मात्र मैत्रिणीकडे भूक लागली असेल तर सरळ ‘हो’ म्हण. तिची आई दुसऱ्यांदा विचारेलच असं नाही.

तुझी,
आई