‘स’ गेला, मग अनेकवचन कुठंय?

प्रश्न: मी स्पॅनिश शिकतेय. माझी ग्रानादाची मैत्रीण शब्दाच्या शेवटचा ‘स’ बोलतच नाही, मग एक की अनेक, कसं कळणार?

उत्तर: ताई, तिचे स्वर ऐका! ग्रानादा, हाएन, अल्मेरिया, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांताच्या पूर्व भागात, शेवटचा ‘स’ गळतो पण जाताना आधीचा स्वर उघडा करून जातो, म्हणजे ‘लोबो’ हा एक लांडगा आणि ‘लोबोस’चं होतं साधारण ‘लॉबॉ’, आपल्या ‘ऑफिस’मधल्या ऑच्या जवळचं, आणि बघा, शेवटच्या स्वरासोबत पहिलाही उघडतो, मला तर हे फार सुंदर वाटतं. आपण ‘झाड’चं ‘झाडं’ करतो तिथेही काम स्वरच करतो ना? याला आळशी उच्चार म्हणणं मला अजिबात पटत नाही. शिवाय नामाआधी एकवचनाचा ‘एल’ आहे की अनेकवचनाचा ‘लॉ’ (म्हणजे ‘लोस’), तेही ऐका.