जुन्या सोन्याच्या क्रोनोग्राफची ओढ

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचे १९५०च्या सुमाराचे, सोन्याच्या आवरणाचे क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले, मनगटी घड्याळ माझ्याकडे आले आहे. मोबाइल अचूक वेळ दाखवत असताना अशा घड्याळांची लोकांना एवढी ओढ का वाटते? आणि ते पॉलिश करून घ्यावे का?

उत्तर : ही ओढ वेळ पाहण्याची नसून यंत्र अनुभवण्याची आहे. बाजूचे बटण दाबताच धावणारा, थांबणारा आणि क्षणात शून्यावर परतणारा काटा हा तरफा, दातेरी चाके आणि स्प्रिंगा यांचा खेळ असतो. स्वयंचलित, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे, क्रोनोग्राफ १९६९ मध्ये आले, त्यामुळे तुमच्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागत असणार, आणि माझ्या मते निम्मी माया त्या रोजच्या स्पर्शातूनच जडते. वैमानिकांचे आणि शर्यतीच्या पंचांचे हे कामाचे साधन सोन्यात घडवणे ही तशी विसंगतीच, पण मोहक विसंगती.

पॉलिश मात्र करू नका. १८ कॅरटचे, म्हणजे ७५ टक्के शुद्ध सोनेही पोलादाहून मऊ असते. प्रत्येक पॉलिशमध्ये त्याचा थर झिजतो, कडा बोथट होतात आणि शुद्धतेचा ठसा पुसट होतो. डायलही नव्याने रंगवू नका, कारण संग्राहक काळाने पिवळसर झालेली मूळ डायलच अधिक मोलाची मानतात. आतले तेल सुकलेले असू शकते, म्हणून जाणकार कारागिराकडून सफाई होईपर्यंत ती बटणे दाबण्याचा मोह आवरावा.