आई नसलेल्या पिल्लांना दूध-पोळी द्यावी की दुसरं काही?

तुम्ही लिहिलंय की बेसा भागात तुमच्या घरामागे व्यालेली गावठी कुत्री गाडीखाली आली आणि तिची दोन पिल्लं तुम्ही अंगणात आणून ठेवली. दात आलेत, दूध-पोळी कुस्करून देताय आणि तीन दिवसांपासून दोघांनाही पातळ शी होतेय. घर शाकाहारी आहे. सासूबाई म्हणतात दूधच बरं, शेजारी म्हणतात कच्चं चिकन घाला, आणि दुकानदार महागाची पिशवी पुढे करतो. यातलं कुणाचं ऐकू, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी आजचं सांगते. दूध आत्ताच बंद करा. आजच्या दिवस मऊ शिजवलेला बिनमिठाचा भात आणि शिजवून कुस्करलेलं थोडं कोहळं (पुण्याकडचे वाचत असतील तर त्यांचा लाल भोपळा) चमचा-दोन चमचे असं दिवसातून पाच-सहा वेळा द्या. उपाशी मात्र ठेवू नका, एवढ्या लहान जिवाची साखर लवकर खाली येते. स्वच्छ पाणी सतत समोर असू द्या. शीत रक्त दिसलं, फार घाण वास आला, उलट्या सुरू झाल्या किंवा पिल्लू मलूल होऊन खाण्याला तोंड लावेनासं झालं, तर घरचे उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या वयात पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची भीती असते आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो.

आता दुधाचं. सासूबाई प्रेमापोटीच सांगतात. आपल्याकडे पिल्लू म्हटलं की वाटीत दूध हे ठरलेलंच. माझी आईही तेच म्हणायची, "दूध पाज ना त्याले, काहून उपाशी ठेवून राहिली?" पण कुत्रीचं दूध आणि गाईचं दूध यांत फार फरक आहे. कुत्रीच्या दुधात साधारण ९ टक्के स्निग्धांश, ७ ते ८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास दुग्धशर्करा असते. गाईच्या दुधात स्निग्धांश ४ टक्क्यांच्या आसपास, प्रथिनं तीन-साडेतीन, आणि दुग्धशर्करा मात्र जवळजवळ ५ टक्के. म्हणजे पिल्लाला जे हवं ते निम्म्याहून कमी आणि जे पचायला जड ते जास्त. म्हशीच्या दुधात स्निग्धांश वाढतो, पण साखरेचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय पिल्लू आईच्या दुधावरून सुटू लागलं की ती साखर पचवणारं पाचकद्रव्य त्याच्या आतड्यात कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढते, आंबते आणि तुम्ही तीन दिवस पुसताय तशी शी होते. दुधात पाणी घातलं तर शी थोडी आवरेल, पण पोषण आणखी पातळ होईल.

डोळे न उघडलेली पिल्लं सापडली तर गोष्ट वेगळी. त्यांना पिल्लांसाठीचं तयार दूध-पावडर लागतं, दर दोन-तीन तासांनी, कोमट, आणि पोटावर झोपवून. बाळासारखं पाठीवर धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. अंग गार पडलेलं पिल्लू आधी उबेत आणायचं, मगच पाजायचं. तुमची पिल्लं त्यापुढे गेली आहेत. दात दिसतायत, पोळी चघळतात, म्हणजे पाच-सहा आठवड्यांची असणार. त्यांना दुधाची गरजच नाही.

मग चिकन? इथे मला माझ्या राणीबद्दल सांगावंच लागेल.

२०११ साली सक्करदऱ्याच्या आमच्या जुन्या घरी राणी आली तेव्हा ती दीड महिन्याची होती. मी ठरवलं होतं की तिला चांगलंच खाऊ घालायचं. हाड घशात अडकेल या भीतीने मी बोनलेस चिकन आणायची, उकडून भातात कालवायची आणि दिवसातून तीनदा द्यायची. ती आवडीने खायची. केस चमकायचे, वजन वाढायचं, सगळे म्हणायचे काय गुटगुटीत आहे. चार महिन्यांची झाली तेव्हा ती थोडी लंगडू लागली. मला वाटलं खेळताना मुरगळलं असेल. एका संध्याकाळी तिने दिवाणावरून उडी मारली, दीड हाताचं अंतर असेल, आणि अशी किंचाळली की अजून आठवलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. मागचा पाय मोडला होता. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा मलासुद्धा कळलं. हाडं पांढरी दिसायला हवीत, तिची राखेसारखी फिकट होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचा.

त्यांनी समजावलं ते असं. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच असतं. मांसात दोन्हींचं प्रमाण एकास पंधरा-वीस असं उलटं पडतं, आणि वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालत नाही, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. म्हणून शरीर ते हाडांतून काढून घेतं. पिल्लू वरून गुटगुटीत दिसतं आणि आतून हाड पोकळ होत जातं. भातातही कॅल्शियम नसल्यासारखंच. राणी सावरली, पुढे बारा वर्षं जगली, पण मागचा डावा पाय शेवटपर्यंत थोडा वाकडाच पडायचा. मी रोज तीनदा जीव लावून वाडगं भरत होते आणि त्या वाडग्यानेच तिचं हाड खाल्लं. म्हणून पिल्लाला चिकन-भात घाला एवढाच सल्ला कुणी दिला की मी गप्प बसत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांच्या कच्च्या चिकनमध्ये यावर साल्मोनेलासारख्या जंतूंची भर पडते. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर तो धोका घेऊच नका.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बरेच लोक पिल्लाला सकाळच्या उन्हात बसवतात, हाडं मजबूत होतील म्हणून. माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं होत नाही. आपल्या नागपूरचं ऊन कितीही कडक असलं तरी कुत्र्याला ते अन्नातूनच मिळायला हवं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: दुकानदाराची पिशवी घ्या, पण तो सांगेल ती नको, तुम्ही वाचून निवडलेली. समोरच्या कुत्र्याच्या चित्राकडे पाहू नका, पिशवी उलटी करा. तिथे पपी, ग्रोथ किंवा ऑल लाइफ स्टेजेस यापैकी काही लिहिलेलं हवं, आणि कम्प्लीट अँड बॅलन्स्ड हे शब्द हवेत. कॉम्प्लिमेंटरी असं लिहिलं असेल तर ते पूरक खाणं, त्यावर पिल्लू वाढवता येत नाही. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफ्को या संस्थेच्या मानकानुसार वाढीच्या खाद्यात, ओलावा वगळून, प्रथिनं किमान २२.५ टक्के आणि स्निग्धांश किमान ८.५ टक्के लागतो. पूर्ण वाढलेल्या, मोठ्या कुत्र्यांसाठी हेच आकडे १८ आणि ५.५ आहेत. म्हणून मोठ्यांचं स्वस्त पडतं म्हणून पिल्लांना तेच घालणं बरोबर नाही. पिशवीची किंमत या आकड्यांनंतर बघा. मधल्या किमतीचं, पण पिल्लांसाठीचं पूर्ण खाद्य, हे महागड्या पण मोठ्या कुत्र्यांच्या खाद्यापेक्षा केव्हाही बरं.

सुटं खाद्य मात्र घेऊ नका. मोठी पिशवी फोडून किलोवर विकतात, त्यावर ना तारीख ना मजकूर. उन्हाळ्यात त्यातलं तेल खवट होतं आणि पावसाळ्यात बुरशी धरते. त्यापेक्षा छोटी बंद पिशवी आणा, तोंड घट्ट बांधा आणि डब्यात ठेवायची तर पिशवीसकट ठेवा.

किती द्यायचं? पिल्लाचं वजन करा. स्वयंपाकघरातला काटा नसेल तर किराणावाल्याकडे टोपलीत घालून न्या, तो हसत करून देईल. समजा दोन किलो भरलं. त्या पिल्लाला दिवसाला साधारण ३०० ते ३५० किलोकॅलरी लागतात, आणि कोरड्या पपी खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० असतात. म्हणजे दिवसाला ८० ते १०० ग्रॅम, चार वेळांत वाटून. पिशवीवरचा तक्ताही पहा, तो त्या खाद्यापुरता अधिक नेमका असतो. सुरुवातीला कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून बोटाने कुस्करा, पुढे पाणी कमी करत न्या. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, त्यानंतर दोन वेळा. आणि एकदम बदल करू नका. पोट सावरलं की भातात थोडं खाद्य मिसळा आणि सात-आठ दिवसांत भात पूर्ण काढा. दोघांना वेगळ्या वाट्या द्या, नाहीतर दांडगं पिल्लू दुसऱ्याचंही संपवतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

तुमच्या घरच्या अडचणीवर या पिशवीचा मोठा आधार आहे. काही शिजवायचं नाही, गॅसवर भांडं चढत नाही, स्वयंपाकघरात काही येत नाही. अंगणातच डबा ठेवा, अंगणातच भिजवा, त्यांचा चमचा वेगळा ठेवा. माझ्या ओळखीच्या दोन शाकाहारी घरांत असंच चालतं आणि कुणाच्या मनाला लागत नाही. निव्वळ शाकाहारी कुत्रा-खाद्यही मिळतं, पण या वयात मी ते निवडणार नाही. वाढीच्या महिन्यांत चूक भरून काढायला वेळ नसतो.

घरचं काही द्यावंसं वाटणारच. एकूण खाण्याच्या दहाव्या भागापर्यंत चालतं: उकडलेलं गाजर, कोहळं, चमचाभर ताजं दही, चालत असेल तर उकडलेलं अंडं. संत्र्याची फोड एखादी खाल्ली तर काही होत नाही, पण साल आणि बिया नकोत. लहान मुलांचं सेरेलॅक बरेच जण घालतात. ते माणसाच्या बाळासाठी बनवलेलं आहे, पिल्लाला लागतात तेवढी प्रथिनं त्यात नाहीत. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने लाल रक्तपेशी फुटतात. म्हणून फोडणीचं वरण, भाजीचा रस्सा, तर्रीचे पोहे काहीच नको. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट नको. जेवणावळीनंतर शेजारून सावजी रश्श्यातली हाडं अंगणात टाकली जातात, त्यावर लक्ष ठेवा. शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं, आणि त्याला तेल-मसाला लागलेला असतो तो वेगळाच.

पूर्ण पपी खाद्य देताय म्हणजे कॅल्शियमची बाटली घेऊ नका. राणीच्या गोष्टीवरून उलट वाटेल, पण तिला कमी पडत होतं ते खाण्यात नव्हतं म्हणून. तुमच्या खाद्यात ते मोजून घातलेलं असेल. लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम नाकारू शकत नाही, पहिल्या सहा महिन्यांत तर नाहीच, आणि अती झालं तर हाडांची वाढ वाकडी होते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत हा धोका जास्त. ज्यांच्याकडे तशी पिल्लं आहेत त्यांनी लार्ज ब्रीड पपी लिहिलेलं खाद्य घ्यावं.

उन्हाळ्याचंही बघावं लागेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा भिजवलेलं खाद्य बघता बघता आंबतं. वीस मिनिटांत उरलं ते उचला आणि वाटी घासून ठेवा. पहाटे सहा, सकाळी दहा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा वेळा ठेवल्या तर दुपारची काहिली टळते. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत. मुंग्या येतात म्हणून खाण्याची वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा.

आणि जंत. पोट ढोलकीसारखं आणि पाठ वाळकी दिसत असेल तर किती खाऊ घातलंत तरी ते अंगी लागणार नाही. बहुतेक पिल्लांना जंत आईच्या पोटातून आणि दुधातूनच आलेले असतात. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध द्यायचं असतं. तुमच्या पिल्लांना ते मिळालेलंच नसणार. डोस वजनावर ठरतो, म्हणून दुकानातून अंदाजाने आणू नका. हे जंत माणसालाही लागू शकतात, तेव्हा पिल्लांशी खेळून झालं की मुलांचे हात साबणाने धुवायला लावा.

सेमिनरी हिल्सला आपलं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावरांचा दवाखाना चालतो. दोघांनाही एकत्र न्या आणि ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत घेऊन जा. जंताचं औषध आणि लशींच्या तारखा एकाच फेरीत ठरतील. लशी होईपर्यंत त्यांना तिथे जमिनीवर सोडू नका, टोपलीतच ठेवा.

वजन केलंत की दोघांचे आकडे आणि घेतलेल्या पिशवीवरचं किलोकॅलरीचं प्रमाण इथे लिहा. मी वाटीमागे किती ग्रॅम ते काढून देते.