बँकॉकला गांजा दुकानात मिळतो, मग मुंबई विमानतळावर त्याच पाकिटासाठी अटक का?

तुमच्या मित्रांची तीन वाक्यं तुम्ही प्रश्नात दिली आहेत: 'जगभर सुटलंय, आपणच मागे', 'बंदी अमेरिकेच्या दबावानं आली' आणि 'किलोच्या आत असेल तर काही होत नाही'. तिसरं आधी घेतो, कारण त्यावर विसंबून पोरं तुरुंगात जातात.

१९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाचं अल्प प्रमाण १ किलो आणि व्यापारी प्रमाण २० किलो आहे. चरसचं १०० ग्रॅम आणि १ किलो. पण अल्प प्रमाण म्हणजे सूट नव्हे. एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत कैद आणि व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं. व्यापारी प्रमाणात कलम ३७ आडवं येतं आणि जामीन मिळणं फार कठीण होतं. शिवाय मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये एका गाजलेल्या जामीन अर्जावर निकाल देताना या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र मानले. म्हणजे दहा ग्रॅम सापडले तरी 'पोलीस ठाण्यातच जामीन होईल' असं धरून चालू नका.

वजनातही लोक फसतात. मिश्रण असेल तर फक्त अमली पदार्थाचं नाही, आख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ठरवलं. गांजा घातलेल्या ब्राउनी किंवा गमीज (चघळायच्या गोळ्या) आणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. उलट बाजूला एक बचाव खरा आहे: कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे, शेंड्यांशिवायची पानं आणि बिया नव्हेत. पोलिसांनी पानं, बिया, काड्या सगळं एकत्र तोलून २१ किलो लिहिलं असेल, तर वकील पहिला हल्ला तिथेच चढवतो. म्हणून पंचनाम्यात काय काय वेगळं केलं आणि तोललं, हे बघा.

पानं वगळली आहेत म्हणूनच भांग या केंद्रीय कायद्यात येत नाही. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात तिची परवानाधारक दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो आणि परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा आहे. जैसलमेरहून आणलेली गोळी बोरिवलीत उतरली की तिचा कायदा बदलतो.

आता बँकॉक. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि जून २०२५ मध्ये पुन्हा लगाम घातला. फुलोरा विकत घ्यायचा तर डॉक्टरांची चिठ्ठी लागू लागली. तिथली पावती किंवा चिठ्ठी मुंबईत कामाची नाही. भारतात आणणं ही आयात ठरते आणि तिला कलम २३ लागतं. बँकॉकच्या विमानांतून येणाऱ्या 'हायड्रो'वर (मातीऐवजी पाण्यावर वाढवलेला गांजा) कस्टम्सची खास नजर आहे, आणि कायद्याला तो साधा गांजाच. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे दुसऱ्याची बॅग. ताबा दिसला की आरोपीला त्याची जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं, आणि 'मला माहीत नव्हतं' हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. निघताना बॅगेचे बाजूचे कप्पे, गांजा भरडायचा ग्राइंडर आणि कोटाचे खिसे झटकून बघा. व्हेप तर आणूच नका. २०१९ च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेटच्या आयातीवर वेगळी बंदी आहे.

जग सुटलंय का? काही अंशी. कॅनडात २०१८ पासून प्रौढाला सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅम बाळगता येतो, पण देशाची सीमा ओलांडून नेणं किंवा आणणं गुन्हाच आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि तीन झाडं चालतात. तरी दुकानातून खुली विक्री नाही, आणि सभासदांपुरता गांजा पिकवणाऱ्या क्लबचं सभासद होण्यासाठी तिथे किमान सहा महिने वास्तव्य लागतं. फिरायला गेलेल्या माणसाच्या हाती काहीच नाही. आणि जर तिकीट सिंगापूरमार्गे असेल, तर तिथे ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाच्या तस्करीला फाशी आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात दुकानातून रीतसर घेतलं, तरी व्हिसा आणि ग्रीन कार्ड राज्याच्या नव्हे, फेडरल (केंद्रीय) कायद्यावर चालतात. शिक्षा झालेली नसतानाही अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली प्रवेश नाकारायला पुरू शकते. एच-१बी वर असताना गांजाच्या दुकानात किंवा कंपनीत नोकरी धरणं हाही तसाच धोका. फोनमधले फोटो आणि चॅटसुद्धा तपासले जाऊ शकतात. खोटं बोलू नका, ते वेगळं संकट आहे. आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

अमेरिकेच्या दबावाचं म्हणाल तर तो अर्धाच इतिहास आहे. अमली पदार्थांवरच्या १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत हशीशचा (चरसचा) विषय इजिप्तनं लावून धरला होता. अमेरिकेचं शिष्टमंडळ तर अफूच्या वादात परिषद सोडून गेलं. अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारामागे अमेरिकेचं वजन होतं हे खरं. पण त्याच करारात पानं व्याख्येबाहेर राहिली आणि परंपरागत वापर थांबवायला देशांना २५ वर्षांची मुदत मिळाली. भारतानं त्या मुदतीतच १९८५ चा कायदा आणला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजा सर्वांत कडक यादीतून काढला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. देशातला कायदा मात्र तसाच राहिला. या विसंगतीवर मित्रांचा राग रास्त आहे, आणि तो खासदारापर्यंत पोहोचवायला हवा.

नोकरीच्या लघवी तपासणीबद्दलही विचारलंय. तिथे नशा नाही, टीएचसीचा (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा) शरीरात उरलेला अंश शोधतात. तो चरबीत साठतो. क्वचित घेणाऱ्याचा काही दिवसांत जातो, रोज घेणाऱ्याचा महिनाभरही दिसू शकतो. लिंबूपाणी, व्हिनेगर, ऑनलाइन विकली जाणारी 'डिटॉक्स' पेयं यांनी तो जात नाही. फार पाणी प्यायलं तर नमुना पातळ म्हणून नोंदला जातो आणि पुन्हा बोलावतात.

पकडले गेलात तर: अंगझडतीच्या आधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० देतं. तो अंगझडतीपुरताच आहे, बॅगेला लागू नाही. वाचल्याशिवाय सही करू नका. सवय सुटत नसेल तर कलम ६४अ आहे: सेवन किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन पूर्ण करत असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जातं. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, निःशुल्क आहे.